कांगारू-चर्म वेणीकाम

कांगारूच्या कमावलेल्या कातड्याच्या अरुंद व लांब वाद्या कापून, त्या परस्परांत गुंफून लगाम, म्होरकी, पेशबंद, आसूड इ. अश्वसाजाच्या वस्तू बनविण्याची कला. ऑस्ट्रेलियातील विस्तीर्ण कुरणांवर घोड्यावर बसून गुरे व मेंढ्या राखणाऱ्या लोकांमध्ये ती १९ व्या शतकात वाढीस लागली. पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन इ. देशांतील कारागिरांनीही ती उचलली. गुंफणीत भाग घेणाऱ्या प्रत्येक वादीस पेड म्हणतात. चपट्या गुंफणीस वेणी व गोल गुंफणीस गोफ असे म्हणणे मराठीत सोयीचे आहे आणि पुढील विवेचनात हे शब्द त्याच अर्थाने योजले आहेत.

चामड्याची गुंफण करण्याच्या परंपरा जगात इतरत्रही आहेत. स्पॅनिश अमेरिकेतील गुराखी न कमावलेल्या कच्च्या चामड्याचे पेड ओले करून गुंफतात. वाळल्यावर ते आवळून ताठ होतात व त्यांचा साज वर्षानुवर्षे आकार धरून राहतो. महाराष्ट्रातही बैलांच्या आसुडाला चामड्याच्या गुंफलेल्या वाद्या लावीत असत. या सर्व परंपरांत मुख्यतः गाय, बैल, घोडा किंवा बकरा यांचे चामडे वापरले जाते. कांगारूच्या कातड्याने मात्र एक वेगळीच शक्यता निर्माण केली. दोन ते तीन मिमी. रुंदीचा आणि एक मिमी. किंवा त्याहूनही कमी जाडीचा पेड काढूनही तो धावत्या घोड्याचा झटका सोसू शकतो. इतर बहुतेक चामड्यांच्या एवढ्या बारीक पेडांचा गोफ शोभेपुरताच उपयोगी पडतो.

कातड्याची संरचना : कोणत्याही चामड्याचे बल त्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंवर अवलंबून असते. गाईच्या कातड्यात या तंतूंच्या जुड्या एकमेकींत तिरप्या विणल्या गेलेल्या असतात. वरच्या थरात केसांची मुळे, स्वेदग्रंथी व केस उभारणारे स्नायू यांनी बरीच जागा व्यापलेली असते. खरे बल खालच्या थरात असते. त्यामुळे असे कातडे पातळ तासले, की बलवान थर कापला जातो व उरलेला भाग कागदासारखा फाटतो. कांगारूच्या कातड्यात तंतूंच्या जुड्या बहुतांशी पृष्ठभागाला समांतर व एकसारख्या पसरलेल्या असतात. स्थितिस्थापक तंतूही संपूर्ण जाडीत सारखे विखुरलेले असतात. ग्रंथी व स्नायूंनी अडविलेली पोकळ जागा गाईच्या कातड्याच्या मानाने फारच थोडी असते आणि मेदाचा अंशही कमी असतो. परिणामी कातडे कोणत्याही पातळीवर तासले, तरी उरलेल्या भागात बलाचा मोठा वाटा शिल्लक राहतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचण्यांत, मूळ जाडीच्या २० टक्के उरेपर्यंत तासलेल्या कांगारूच्या चामड्यात मूळ ताणबलाच्या ३० ते ६० टक्के बल टिकून राहिल्याचे आढळले. वासराच्या चामड्यात त्याच प्रमाणात तासल्यावर १ ते ४ टक्केच बल उरले. कांगारूचे चामडे गाईच्या चामड्याहून ‘अनेक पट’ बळकट असते, असे विक्रेते सरसकट सांगतात. ते विधान जाड व न तासलेल्या चामड्याबाबत दिशाभूल करणारे ठरू शकते. या चामड्याचे खरे श्रेष्ठत्व पातळपणात आहे आणि वेणीकामाला नेमका तोच गुण लागतो.

हे कातडे मुख्यतः तांबडा कांगारू, पूर्वेकडील करडा कांगारू, पश्चिमेकडील करडा कांगारू व वॉलरू या जातींपासून मिळते. कांगारू पाळला जात नाही. कातडी रानातील जनावरांचीच असतात. कुंपणाच्या तारांचे ओरखडे, नरांच्या झुंजीत झालेल्या जखमा, गोचिडांचे व्रण हे सर्व कातड्यावर कायमचे उमटलेले असतात. कमावल्यावर व्रण गुळगुळीत दिसला, तरी तेथील तंतूंची मूळ रचना मोडलेली असते. असा एखादा व्रण पेडात आला, तर तो पेड नेमका तेथेच तुटतो. एका कातड्याचे क्षेत्रफळ सामान्यतः ४० ते ९० चौ. डेसिमी. असते. कण्यालगतचा भाग जाड व कमी ताणला जाणारा, तर पोटाकडचा भाग पातळ व फार ताणला जाणारा असतो.

कमावणी : पादत्राणांसाठी हे कातडे बहुधा क्रोमियमाच्या लवणांनी कमावतात. असे चामडे मऊ व लवचिक होते; पण ते ताणले जात असल्याने वेणीकामास गैरसोयीचे असते. वेणीकामासाठी झाडांच्या सालीतील टॅनिनाने कमावलेले चामडे पसंत केले जाते. ऑस्ट्रेलियात या कामी वॉटल नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडांची साल पूर्वीपासून वापरीत आले आहेत. वॉटल ही आपल्याकडील बाभळीच्या निकटची झाडे होत. भारतात बाभळीची व तरवडाची साल याच कामासाठी वापरतात. काळी वॉटल १९ व्या शतकात निलगिरीच्या डोंगराळ भागातही आणून लावण्यात आली.

प्रथम मीठ लावून टिकविलेली कातडी भिजवून, चुन्याच्या निवळीत ठेवून त्यांवरील केस काढतात. मांसाचे अवशेष खरवडून चुना धुऊन काढला, की कातडी टॅनिनाच्या द्रावात घालून फिरत्या पिंपांत घोळवितात. शेवटी त्याच रीतीने त्यांत चरबी व तेल मुरवितात. ही शेवटची क्रिया महत्त्वाची आहे. तेल वरून चोळले, तर ते पृष्ठभागी राहते. पिंपात मुरविले, तर ते तंतूंच्या मध्ये जाऊन बसते. असे चामडे गुंफताना तंतू एकमेकांवर घासून झिजत नाहीत व पेड वाकविला असता पृष्ठभागास तडे जात नाहीत.

इतिहास : ऑस्ट्रेलियातील आदिवासींना कांगारूच्या शरीराच्या उपयुक्ततेचे ज्ञान यूरोपीय लोक येण्याच्या फार पूर्वीपासून होते. त्याच्या कातड्याच्या पिशव्या ते करीत आणि शेपटीतील स्नायुरज्जू काढून त्यांच्या दोऱ्याने शिवण व हत्यारांची बांधणी करीत. घोडा मात्र त्या खंडात नव्हता. इ. स. १७८८ मध्ये आलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर मोजकेच घोडे होते. पुढील शंभर वर्षांत मेंढ्यांची व गुरांची कुरणे अंतर्भागात पसरली, तसतशी घोड्यांची संख्या वाढली. न्यू साउथ वेल्सच्या नावावरून ‘वेलर’ म्हणून ओळखले जाणारे ऑस्ट्रेलियन घोडे १९ व्या शतकात भारतातील ब्रिटिश फौजेसाठी मोठ्या प्रमाणावर येत असत.

कुरणे शहरांपासून शेकडो किमी. दूर असत. लगाम तुटला, तर नवा मिळण्यास महिनेच्या महिने लागत. म्हणून गुराखी हाताशी असलेल्या कातड्यांतून स्वतःचा साज तयार करू लागले. जाड कामासाठी, म्हणजे दोर, पायबंद, ओझ्याच्या खोगिराचे बंद यांसाठी, बैलाचे कच्चे चामडे वापरले जाई. बारीक व मऊ कामासाठी कांगारूचे कातडे उत्तम, हे अनुभवाने लवकरच लक्षात आले. पावसाळ्यात गुरांची हालचाल थांबली किंवा रात्री मुक्काम पडला, की शेकोटीजवळ बसून गुंफणी चाले. उत्तरेकडील कुरणांवर आदिवासी गुराख्यांचे श्रम हा गुरे राखण्याच्या व्यवसायाचा कणाच होता आणि त्यांच्यातही कुशल गुंफणारे होते. मात्र त्यांना गोऱ्या गुराख्यांच्या बरोबरीचे वेतन मिळत नसे. १९६६ मध्ये वेव्ह हिल येथील गुरिंजी लोकांनी काम सोडून जाऊन केलेला प्रतिकार या अन्यायाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हस्तकलेच्या इतिहासात या लोकांची नावे फारशी नोंदलेली नाहीत, ही या विषयाच्या ज्ञानातील मोठी उणीव मानावी लागेल.

या कलेला व्यापारी रूप देणाऱ्यांत आर. एम. विल्यम्स (१९०८–२००३) यांचे नाव प्रमुख आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स पर्वतराजीत ते राहत असता, ‘डॉलर मिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका भटक्या घोडेस्वाराकडून त्यांनी चामड्याचे काम शिकून घेतले. पुढे ॲडिलेड येथे त्यांनी घोडेस्वारांचे बूट व साज यांचा व्यवसाय उभारला. गुरांच्या व्यवसायातील धनाढ्य सिडनी किडमन हे त्यांच्या ओझ्याच्या खोगिरांचे आरंभीचे मोठे ग्राहक होत. तोपर्यंत ही विद्या केवळ पाहून व करून पुढे जात असे. नंतर ती पुस्तकांत उतरू लागली. ऑस्ट्रेलियात रॉन एडवर्ड्स यांनी स्वतः काढलेल्या आकृत्यांसह गुंफणीचे प्रकार नोंदविले. अमेरिकेत ब्रूस ग्रँट यांचा चामड्याच्या गुंफणीवरील कोश १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

वाद्या कापणे : वेणीकामाचे कौशल्य गुंफणीत आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. कारागिरांच्या दृष्टीने निम्म्याहून अधिक कौशल्य कापण्यात आहे. गुंफणीत चूक झाली, तर ती उसवून दुरुस्त करता येते. वादी चुकीची कापली गेली, तर ते चामडे वायाच जाते.

प्रथम कातडे उजेडासमोर धरून व हातांनी ताणून त्यातील व्रण, पातळ जागा व छिद्रे हेरतात आणि ती खडूने खुणावतात. मग कडेचा ओढला जाणारा भाग कापून टाकून उरलेल्या तुकड्यास लांबट गोल आकार देतात. या आकाराच्या कडेपासून आत अशी चक्राकार वादी कापीत नेली, की एकाच कातड्यातून अखंड वादी निघते. ६० चौ. डेसिमी. कातड्यातून ३ मिमी. रुंदीची वादी काढली, तर हिशेबाने ती २०० मी. लांब भरते. प्रत्यक्षात टाकाऊ भागामुळे लांबी बरीच कमी येते.

चक्राकार कापण्यात एक अडचण आहे. वादी कातड्याच्या सर्व दिशांतून फिरत असल्याने तिचा काही भाग कण्याला समांतर व काही आडवा येतो आणि या दोन्हींचा ताण भिन्न असतो. ती तशीच गुंफली, तर वापरात काही भाग लांबतात, काही तसेच राहतात व गोफ पिळवटतो. म्हणून वादी प्रथम हव्या त्या रुंदीहून थोडी अधिक ठेवून कापतात आणि हातभर हातभर लांबी घेऊन सर्वत्र सारख्या जोराने ओढतात. ओढल्यावर नरम भाग अरुंद होतात. मग दुसऱ्यांदा कापून संपूर्ण वादी एकाच रुंदीची करतात. या दुसऱ्या कापणीला आळस करणाऱ्याचे काम वर्षभरात उघडे पडते. ओढताना वादी तुटली, तर त्यात नुकसान मानीत नाहीत. जी वादी कारागिराच्या हातात तुटते, ती घोड्यावर तुटली असती.

कापण्यासाठी जुने कारागीर केवळ धारदार चाकू व डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख वापरीत. नखाची कड हे रुंदीचे माप असून पाते त्यापासून ठराविक अंतरावर धरले जाई. अलीकडे पाते बसविलेली लहान हत्यारे मिळतात व नवशिके तीच वापरतात. तथापि आसुडाचे पेड मुठीकडे रुंद व टोकाकडे अरुंद होत गेले पाहिजेत. अशी उतरती रुंदी डोळ्यांनी व नखाने साधण्यात जुन्या कारागिरांचा हात धरणे कठीण आहे. रुंदी साधल्यावर जाडी सारखी करतात आणि मांसाकडील बाजूच्या कडा तिरप्या तासतात. कडा तशाच चौकोनी ठेवल्या, तर पेड एकमेकांवर चढून गोफ खडबडीत होतो. तासल्या, की पेड कौलांसारखे एकमेकांत बसतात. येथे पाते जरा खोल गेले, तरी पेड कमजोर होतो व गुंफल्यावर ती खोच आत दडून राहते. लगाम अचानक तुटण्याचे हे एक नेहमीचे कारण होय.

गुंफणी : गोल गोफाची रचना समजण्यास गोव्यातील व कोकणातील गोफ नृत्य हे उत्तम उदाहरण आहे. वर बांधलेल्या रंगीत गोंड्यांची एकेक दोरी हाती धरून निम्मे नर्तक एका दिशेने व निम्मे उलट दिशेने फिरतात. समोरून येणाऱ्या एकाच्या बाहेरून व पुढच्याच्या आतून गेले, की वर गोफ विणला जातो. चामड्याच्या गोफातही पेडांची संख्या सम असून निम्मे पेड उजवीकडे व निम्मे डावीकडे वळतात. एकावरून-एकाखालून गेल्यास चौकटीची व दोनांवरून-दोनांखालून गेल्यास माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. चपट्या वेणीत तीन, पाच, सात, नऊ असे विषम पेडही घेतात. एका रुंद पट्टीच्या दोन्ही टोकांना न कापता मध्ये दोन उभ्या चिरा देऊन तीनपेडी वेणी घालण्याचा एक मनोरंजक प्रकार आहे. टोके बंद असल्याने ही वेणी घातली कशी, याचे पाहणाऱ्याला कोडे पडते. पट्टीचे एक टोक चिरांमधून ओवून घेणे, हे त्याचे रहस्य आहे.

पेड किती व केवढे घ्यावेत, याचा हिशेब सोपा आहे. पेड गोफाच्या अक्षाशी सु. ४५° कोन करतात, असे धरले, तर पेडांची संख्या व रुंदी यांच्या गुणाकारास ०·७ ने गुणल्यास गोफाचा परीघ मिळतो. ३ मिमी. रुंदीच्या बारा पेडांचा परीघ सु. २५ मिमी. आणि व्यास सु. ८ मिमी. येतो. लगामासाठी हा हातात नीट बसणारा आकार आहे. तिरपेपणामुळे प्रत्येक पेड तयार गोफाच्या सु. दीडपट लांब लागतो. त्यामुळे २·१ मी. लांबीचे दोन बारापेडी लगाम करावयाचे, तर सु. ७६ मी. वादी लागते. पेड बारीक व संख्येने अधिक केले, की गोफ गुळगुळीत व लवचिक होतो. पण श्रम फार वाढतात. चोवीस किंवा त्याहून अधिक पेडांची कामे बहुधा प्रदर्शनासाठी केली जातात. रोजच्या वापराच्या साजाला आठ ते बारा पेड पुरेसे होतात.

गोफाच्या आत गाभा असावा लागतो. गाभा नसेल, तर दाबाने गोफ चपटा होतो. गाभ्यासाठी त्याच चामड्याची गुंडाळलेली पट्टी किंवा कमी पेडांचा दुसरा गोफ वापरतात. गाभा सुतळीचा केला, तर काम स्वस्त होते. पण चामडे व सुतळी यांचा ताण भिन्न असल्याने सारा भार प्रथम एकावरच येतो. गुंफताना पेडांना साबण, प्राण्याची चरबी व पाणी एकत्र शिजवून केलेला लेप लावतात. त्याने पेड सहज सरकतात व अधिक घट्ट ओढता येतात. सुकल्यावर ते जागच्या जागी धरून राहतात. प्रत्येक फेऱ्यात ओढ सारखी असणे, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. एक पेड सैल राहिला, तर त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. थकलेल्या हाताने गुंफलेला भाग पुढे बोटांनी चाचपूनही ओळखता येतो. म्हणून लांब काम एका बैठकीत पुरे करीत नाहीत. पण दोन बैठकींच्या सांध्याजवळ मागील चार-पाच फेरे उसवून पुन्हा घालतात. शेवटी गोफ दोन फळ्यांमध्ये लाटून गोल करतात. आसुडावर लाखेच्या रोगणाचा हात देण्याची जुनी पद्धत आहे. हे रोगण ज्या लाखेपासून होते, तिच्या उत्पादनात भारत अग्रेसर आहे.

सांधे व टोके झाकण्यासाठी गोफावरच बारीक वादीची मुद्रिकेसारखी गाठ विणतात. लगामावर ठरावीक अंतराने अशा गाठी घातल्या, तर त्यांचा पकडीसाठीही उपयोग होतो. अंधारात किंवा गुरांकडे लक्ष असताना लगाम न पाहता किती सोडला आहे, हे स्वाराला गाठींवरून बोटांना कळते.

अश्वसाजातील उपयोग : कांगारूच्या चामड्याचे वेणीकाम साजाच्या सर्वच भागांना योग्य नाही. तंग व रिकिबीचे पट्टे यांवर स्वाराचे संपूर्ण वजन येते. तेथे गाईचे जाड चामडेच वापरणे शहाणपणाचे आहे. दुमचीचा शेपटीखालचा भाग गुळगुळीतच हवा. गुंफणीच्या उंचवट्यांनी तेथे जखम होते. लगाम, म्होरकीचे गालपट्टे, कपाळपट्टी, नाकपट्टी व पेशबंद हे वेणीकामाचे खरे क्षेत्र होय. गोफाचा लगाम पावसात किंवा घामाने ओला झाला, तरी सपाट पट्टीप्रमाणे हातातून निसटत नाही. तसेच त्याचा एखादा पेड झिजून तुटला, तर उरलेले पेड काही काळ भार धरून राहतात व स्वाराला वेळीच सूचना मिळते. सपाट पट्टी तुटते ती एकदमच.

लगाम सर्वाधिक झिजतो तो कडियाळ्याच्या कडीत अडकविलेल्या टोकाशी. तेथे घोड्याची लाळ, धातूचे घर्षण व सततची वाकवणूक ही तिन्ही एकत्र येतात. म्हणून अनुभवी कारागीर ते टोक गोफाचे न ठेवता बदलता येणाऱ्या साध्या चामडी पट्टीचे करतात. घामातील क्षारांनीही चामडे कडक होते. वापरानंतर साज ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा व अधूनमधून थोडी चरबी लावावी, एवढीच निगा त्यास पुरते. तेल अति झाले, तर पेड सैलावतात आणि असा सैलावलेला गोफ पुन्हा घट्ट करता येत नाही.

आसूड : गुराख्याचा आसूड हे या कलेचे सर्वांत परिचित फल आहे. वेताच्या सु. अर्धा मी. लांबीच्या दांड्याला गोफाचेच आवरण असून त्यास १·८ ते २·४ मी. लांबीचा निमुळता गोफ चामडी फासाने जोडलेला असतो. गोफाच्या टोकाला एक साधी वादी व तिच्या शेवटी दोऱ्याचा झुबका असतो. आसुडाचा उपयोग जनावरास मारण्यासाठी नसून आवाजासाठी असतो. हात झटकला, की गोफात एक वळसा निर्माण होऊन टोकाकडे धावतो. गोफ निमुळता असल्याने पुढे पुढे वस्तुमान घटते व वेग वाढतो. टोकाशी तो ध्वनीच्या वेगाहून अधिक होतो व हवेत आघात-तरंग उत्पन्न होऊन स्फोटासारखा आवाज येतो. या क्रियेचे मापन १९५८ मध्ये व तिचे गणिती विवेचन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोफाच्या निमुळतेपणात कोठेही गाठ वा जाडसरपणा राहिला, तर वळसा तेथे अडखळतो व आवाज उमटत नाही. त्यामुळे आसूड ही कारागिराची कसोटीच मानली जाते. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटातील नायकाचे आसूड अमेरिकन कारागीर डेव्हिड मॉर्गन यांनी कांगारूच्या चामड्याचेच बनविले होते. त्यामुळे अमेरिकेत या कामाला नवे ग्राहक मिळाले. सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटनही एका घोडेस्वाराच्या आसुडाच्या आवाजाने व त्यामागोमाग आलेल्या १२० स्वारांच्या संचलनाने झाले.

सद्यःस्थिती व वाद : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरे हाकण्यासाठी मोटारसायकली व हेलिकॉप्टरे आली आणि कामाच्या साजाची मागणी घटली. आज हे काम मुख्यतः घोडदौडीचे क्रीडाप्रकार, गुरे वळविण्याच्या स्पर्धा, आसूड वाजविण्याच्या स्पर्धा व हौशी लोक यांच्या आधारावर चालते. क्वीन्सलँडमधील लाँगरीच येथे १९८८ मध्ये उघडलेल्या, गुराख्यांच्या जीवनास वाहिलेल्या संग्रहालयाच्या उभारणीत विल्यम्स यांचा पुढाकार होता.

कातड्याचा पुरवठा हा मात्र वादाचा विषय आहे. परवानाधारक शिकारी रात्री प्रखर दिव्यांच्या प्रकाशात कांगारू मारतात. प्रत्येक राज्य गणतीच्या आधारे वार्षिक मर्यादा ठरविते आणि निर्यातीसाठी राज्याच्या योजनेला संघराज्य शासनाची मान्यता लागते. डोक्यात गोळी घालून तत्काळ मृत्यू आणण्याचे बंधन आचारसंहितेने घातले आहे. समर्थकांच्या मते या मोठ्या जाती विपुल आहेत, मांसासाठी त्या मारल्या जातातच व कातडे हे त्यातील दुय्यम उत्पादन आहे. शिवाय मेंढ्यांच्या मानाने कांगारूचे मऊ पाय जमिनीची धूप कमी करतात. विरोधकांचे आक्षेप मुख्यतः दोन आहेत. दूर रानात रात्री होणाऱ्या शिकारीवर देखरेख जवळजवळ अशक्य असते, हा एक. मादी मारली गेल्यास तिच्या पिशवीतील पिलूही नियमानुसार मारावे लागते, हा दुसरा. आणि यास समर्थकांकडे समाधानकारक उत्तर नाही.

अमेरिकेच्या संघराज्य शासनाने १९७४ मध्ये तीन मोठ्या जाती धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातल्या व १९९५ मध्ये त्या वगळल्या. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये कांगारूपासून बनविलेल्या वस्तूंच्या विक्रीस बंदी घातली. २००७ मध्ये ती तात्पुरती उठविण्यात आली; पण १ जानेवारी २०१६ पासून ती पुन्हा लागू झाली. हे राज्य अमेरिकेतील घोडेस्वारीच्या साजाची एक जुनी पेठ असल्याने वेणीकाम करणाऱ्यांना ही बंदी विशेष जाणवते. २०२३ मध्ये नायकी व प्यूमा या कंपन्यांनी फुटबॉलच्या बुटांसाठी कांगारूचे चामडे वापरणे थांबविण्याचे जाहीर केले. वेणीकामाला लागणारे चामडे एकूण उत्पादनाच्या मानाने नगण्य आहे. मोठ्या ग्राहकांनी पाठ फिरविल्यास केवळ साजाच्या कारागिरांसाठी कमावणीचे कारखाने चालणे अवघड आहे.

पर्याय म्हणून वासराचे व बकऱ्याचे चामडे वापरून पाहण्यात येते. त्यांचे पेड अधिक जाड ठेवावे लागतात व बारीक काम साधत नाही. नायलॉनच्या दोरीचे गोफ स्वस्त, रंगीत व पावसाला न जुमानणारे असतात आणि नवशिक्यांच्या सरावासाठी ते सोयीचे आहेत. परंतु सुटलेल्या घोड्याचा पाय स्वतःच्याच लगामात अडकला, तर चामड्याचा गोफ तुटून घोडा मोकळा होतो. नायलॉनचा गोफ तुटत नाही व त्याचा झटका कडियाळ्यावाटे घोड्याच्या जिभेवर व जबड्यावर बसतो.